व्हिक्टोरिया ड्रमंड: ९ नॉटवरून १२.५ नॉटवर जहाज कसं गेलं?

प्रश्न असा आहे: स्कॉटिश मरिन इंजिनिअर व्हिक्टोरिया ड्रमंड यांनी १९४० मध्ये बॉम्बहल्ला चालू असताना ‘बोनिता’ जहाजाचा वेग ९ नॉटवरून १२.५ नॉटवर नेला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किमी), हे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का? त्यांचं शिक्षण कुठे आणि कसं झालं? इतकं काम येणारी बाई चीफ इंजिनिअरच्या (जहाजाच्या इंजिन विभागाच्या प्रमुखाच्या) परीक्षेत ३७ वेळा नापास कशी झाली? आणि आजच्या डिझेल जहाजावर असं काही करता येईल का?

आधी सरळ उत्तर देतो. हो, शक्य आहे, आणि त्यात चमत्कार नाही. मालवाहू जहाज रोज चालतं ते किफायतीच्या वेगाने. इंजिन आणि बॉयलरमध्ये त्याहून बरीच ताकद शिल्लक असते. थ्रॉटलचं, म्हणजे इंजिनात वाफ सोडणाऱ्या झडपेचं, चाक फिरवायला दहा सेकंद लागतात. अवघड असतं ते पुढच्या अर्ध्या तासात बॉयलरची आग, बॉयलरमधलं पाणी, कंडेन्सरचं (वापरलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या भागाचं) व्हॅक्यूम आणि प्रत्येक बेअरिंग त्या वाढलेल्या मागणीच्या बरोबरीने ठेवणं. यातलं एक जरी मागे पडलं तरी जहाज आधीपेक्षा हळू होतं किंवा थांबतं. ड्रमंडबाईंना हे जमलं कारण त्यांचे हात गॅरेजमध्ये, ओतशाळेच्या शेजारी आणि फिटिंग शॉपमध्ये तयार झाले होते. म्हणून त्यांची कारकीर्द सुरुवातीपासून पाहावी लागते.

जन्म १४ ऑक्टोबर १८९४, स्कॉटलंडमधल्या पर्थशायर परगण्यात, एरोल गावाजवळच्या मेगिंच किल्ल्यात. घराणं सरदारी, राणी व्हिक्टोरिया धर्ममाता, नावही तिच्यावरूनच. एकविसाव्या वर्षी वडिलांनी व्यवसाय निवडायला सांगितल्यावर त्यांनी मरिन इंजिनिअर व्हायचं ठरवलं. १९१६ मध्ये पर्थच्या ‘नॉर्दर्न गॅरेज’मध्ये उमेदवारी सुरू झाली. पुरुष महायुद्धावर गेलेले असल्याने कारखान्यांचे दरवाजे बायकांसाठी थोडेसे उघडले होते. दिवसा मोटारींची दुरुस्ती आणि संध्याकाळी डंडी टेक्निकल कॉलेजच्या शिक्षकाकडे गणित व इंजिनिअरिंग, असा क्रम होता.

गॅरेज ही जहाजाच्या इंजिनासाठी कमी प्रतीची शाळा, असं कुणाला वाटेल. माझं मत उलटं आहे. त्या काळच्या मोटारीत सुटे भाग बदलण्याची सोय फारशी नव्हती. बेअरिंग झिजलं की व्हाइट मेटल (बेअरिंगच्या अस्तराचा मऊ मिश्रधातू) वितळवून ते पुन्हा ओतायचं, मग शाफ्टला निळा रंग लावून तो बेअरिंगवर फिरवायचा आणि जिथे निळं उमटेल तिथे स्क्रेपरने खरवडायचं. पुन्हा रंग, पुन्हा खरवड, निळे ठिपके सगळीकडे सारखे पसरेपर्यंत. मोटारीच्या दोन इंची शाफ्टवर ज्याचा हात बसला, त्याला जहाजाच्या बारा इंची शाफ्टवर तत्त्व नवं शिकावं लागत नाही. वजन उचलायची तजवीज तेवढी वेगळी.

१९१८ मध्ये त्या डंडीच्या ‘कॅलेडन’ या जहाजबांधणी कंपनीत, तिच्या लिलीबँक इंजिन कारखान्यात गेल्या. तिथे त्यांची पाळी आधी पॅटर्न शॉपमध्ये आली आणि पुढे फिनिशिंगच्या कामाकडे. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. पॅटर्न शॉपमध्ये लाकडाचा नमुना बनतो. त्यावरून वाळूचा साचा आणि साच्यात बिडाचं ओतकाम. धातू थंड होताना आकसतो, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो: बिडासाठी फुटामागे साधारण १/८ इंच, पितळेसाठी ३/१६, ओतीव पोलादासाठी १/४. यासाठी कारागिराकडे वेगळी मोजपट्टी असते आणि तिचे इंच मुळातच तेवढे ताणलेले असतात. ज्या पृष्ठभागाला पुढे मशीनवर कापायचं आहे तिथे आणखी १/८ ते १/४ इंच जादा धातू ठेवायचा. कोपरे धारदार ठेवले तर बीड थंड होताना तिथे तडा जातो, म्हणून ते गोल करायचे. जाड आणि पातळ भाग एकदम शेजारी आले तर जाड भाग मागाहून गोठतो आणि आत पोकळी राहते.

नमुने बनवलेल्या माणसाला एखादं ओतकाम बाहेरून पाहून ते आत कुठे कमजोर असेल याचा अंदाज येतो. पंपाचे पाय, नळीची फ्लँज (बोल्टने जोडायची कड), व्हॉल्व्हच्या पेटीचा कोपरा. बॉम्बच्या धक्क्याने बीड कुठे फुटेल हेही तो सांगू शकतो. पुढे ‘बोनिता’वर काय झालं ते वाचताना हे लक्षात ठेवा.

फिटिंग शॉपमधलं शिक्षण मुख्यतः मोजमापाचं असतं. मोठ्या बेअरिंगमधली फट मोजायला त्यात शिशाची बारीक तार ठेवतात, वरचा अर्धा भाग आवळतात, पुन्हा सोडतात आणि चपटी झालेली तार मायक्रोमीटरने मोजतात. ढोबळ नियम असा की शाफ्टच्या व्यासाच्या दर इंचाला एक हजारांश इंच फट ठेवायची. बारा इंची शाफ्टला बारा हजारांश. कमी ठेवली तर तेलाचा थर बसत नाही आणि व्हाइट मेटल वितळून वाहतं. जास्त ठेवली तर प्रत्येक फेऱ्याला ठोका ऐकू येतो आणि मेटलला भेगा पडतात. सिलिंडरचं कव्हर, व्हॉल्व्हची पेटी आणि वाफेच्या नळीचा जॉइंट आवळताना बोल्ट समोरासमोरचे घ्यायचे, एकाच बाजूने गोल फिरत जायचं नाही. नाहीतर फ्लँज तिरकी बसते आणि पहिल्याच गरम-थंड फेऱ्यात जॉइंट गळतो. असल्या गोष्टी पुस्तकात दोन ओळींत येतात, हातात यायला वर्षं लागतात.

१९२० मध्ये उमेदवारी पूर्ण झाली. पुढे ड्रॉइंग ऑफिसातही काम केलं. इन्स्टिट्यूट ऑफ मरिन इंजिनिअर्सच्या त्या पहिल्या महिला सदस्य. युद्ध संपल्यावर जहाजबांधणीत मंदी आली आणि १९२२ मध्ये कॅलेडनमधलं काम सुटलं. कॅलेडनने लिव्हरपूलच्या ‘ब्लू फनेल’ कंपनीसाठी जहाजं बांधली होती. तिथेच त्यांना दर्यावरची पहिली नोकरी मिळाली: ‘अँकायसीस’ जहाजावर दहाव्या इंजिनिअरची. हे १९११ सालचं, सुमारे १० हजार टनांचं, प्रवासी आणि माल दोन्ही नेणारं जहाज. इंजिन ट्रिपल एक्स्पान्शन, म्हणजे तीच वाफ एकामागून एक वाढत्या आकाराच्या तीन सिलिंडरांत वापरायची. ऑस्ट्रेलियाच्या चार सफरी आणि चीनची एक करून १९२४ मध्ये त्यांनी हे जहाज सोडलं.

दहावा इंजिनिअर म्हणजे सगळ्यांत खालची पायरी. काम चार तास वॉच (पाळीचा पहारा), आठ तास सुट्टी, आणि त्या सुट्टीतलेही बरेच तास दुरुस्तीत जायचे. बिल्जची (तळाशी पाणी साचतं त्या जागेची) जाळी उपसून साफ करणं, पंपांच्या ग्लँडचं (दांडा बाहेर येतो तिथल्या सांध्याचं) पॅकिंग बदलणं, बंदरात बॉयलर थंड करून आत शिरून खवले झाडणं, डेकवरचे वाफेचे विंच चालू ठेवणं. वॉचवर असताना चालत्या इंजिनाचं मोठं बेअरिंग हाताने चाचपायचं असतं. क्रँक खाली येऊन पुन्हा वर जाण्याच्या मधल्या क्षणात तळहात नेमका लावून काढायचा. मिनिटाला साठ-सत्तर फेरे असताना त्यासाठी लय अंगात मुरावी लागते. हात लागत नाही इतकं गरम झालं तर आधी तेल वाढवायचं, मग वेग कमी करायला सांगायचं. लाल समुद्रात किंवा विषुववृत्ताजवळ इंजिनरूममध्ये ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असताना हे चालतं. पदाचा आकडा मोठा म्हणून काम हलकं होतं, असा गैरसमज करून घेऊ नये.

१९२६ मध्ये त्या सेकंड इंजिनिअरची (चीफच्या खालोखालच्या पदाची) सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाल्या. प्रमाणपत्र मिळवणाऱ्या त्या ब्रिटनच्या पहिल्या महिला मरिन इंजिनिअर. तरी नोकरी मिळाली ती पाचव्या इंजिनिअरची, १९२७ मध्ये, ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या ‘मुल्बेरा’वर. या कंपनीच्या जहाजांवर इंजिनरूमचे खलाशी हिंदुस्थानी असत. सारंग, टंडेल, आगवाला, तेलवाला हे शब्द कोकणातल्या दर्यावर्दी घरांना नवे नाहीत. ‘मुल्बेरा’वर पिस्टनचं इंजिन नव्हतं, गिअर लावलेली टर्बाइन होती. त्यामुळे धोकेही वेगळे. टर्बाइनला डोळ्यांनी दिसेल असं काहीच हलत नाही. आत पाती आणि आवरण यांच्यात फट अगदी थोडी, आणि रोटर एका बाजूने जास्त तापला तर वाकतो. म्हणून निघण्याआधी तासन्‌तास हळूहळू गरम करायचं, वंगणतेलाचा दाब सतत पाहायचा आणि आवाजातला बारीक फरक ऐकायचा. पिस्टन आणि टर्बाइन दोन्ही प्रकारांवर वॉच केलेला इंजिनिअर त्या काळी कुठल्याही कंपनीला हवा असे. १९२८ च्या अखेरीस त्यांनी ‘मुल्बेरा’ सोडलं आणि त्यानंतर १९४० पर्यंत त्यांना दर्यावर जागा मिळाली नाही.

आता ३७ वेळांचा प्रश्न. १९२९ पासून त्या चीफच्या परीक्षेला बसत राहिल्या आणि दरवेळी नापास ठरल्या. या परीक्षेचा बाज माहीत असेल तर हे कसं घडू शकतं ते समजतं. लेखी पेपर असतात, ड्रॉइंग असतं आणि तोंडी परीक्षा असते. गणिताच्या पेपरात एकतर उत्तर बरोबर येतं किंवा येत नाही. तोंडीत मात्र परीक्षक एकटा समोर बसतो आणि प्रश्न कुठवर न्यायचा हे तो ठरवतो. ‘फीड पंप (बॉयलरला पाणी देणारा) पाणी उचलत नाही, काय करशील?’ या एका प्रश्नाला सक्शनला हवा लागतेय, पाणी फार गरम आहे, व्हॉल्व्ह अडकलाय, ग्लँड गळतंय अशी दहा बरोबर उत्तरं आहेत. परीक्षकाच्या मनात अकरावं असेल तर उमेदवार नापास. आपल्याकडे मुंबईत सक्षमतेची परीक्षा दिलेला कुठलाही इंजिनिअर हे सांगेल. ड्रमंडबाईंची स्वतःची खात्री होती की आपल्याला बाई म्हणून नापास केलं जातंय. मला त्यांचं म्हणणं पटतं, आणि त्याचं कारण साधं आहे. त्यांनी पनामा सरकारची चीफची परीक्षा दिली तेव्हा त्या उत्तीर्ण झाल्या, आणि पुढे वर्षानुवर्षं चीफ म्हणून जहाजं चालवली. इंजिनांनी त्यांच्या पात्रतेबद्दल कधी शंका घेतली नाही.

युद्ध सुरू झाल्यावर इंजिनिअरांची टंचाई असूनही ब्रिटिश कंपन्यांनी त्यांना घेतलं नाही. १९४० च्या मार्चमध्ये पॅलेस्टाइनच्या ‘हार झायन’ या जहाजावर त्यांना सेकंडची जागा मिळाली. ते सोडून त्या पनामाच्या निशाणाखालच्या ‘बोनिता’वर सेकंड इंजिनिअर म्हणून रुजू झाल्या. ‘हार झायन’ ३१ ऑगस्ट १९४० रोजी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडालं. त्याच्या सहा दिवस आधी, २५ ऑगस्टला, ‘बोनिता’ अमेरिकेतल्या नॉर्फोक बंदराकडे जात असताना किनाऱ्यापासून सुमारे ४०० मैलांवर अटलांटिकमध्ये जर्मन विमानाने तिला गाठलं. हल्ला सुमारे ३५ मिनिटं चालला.

या कामगिरीबद्दल पुढे मिळालेल्या सन्मानपत्रातला घटनाक्रम असा: त्या ताबडतोब इंजिनरूममध्ये गेल्या आणि ताबा घेतला. पहिल्याच बॉम्बच्या धक्क्याने त्या लिव्हरवर आदळल्या, जवळजवळ बेशुद्ध झाल्या. वेग वाढवण्यासाठी जे करायचं ते सगळं झाल्यावर त्यांनी इंजिनरूममधल्या आणि बॉयलरजवळच्या माणसांना वर जायला सांगितलं. मग एका धक्क्यात डोक्यावरच्या नळीचा जॉइंट सुटून पोळणारी वाफ बाहेर येऊ लागली. बॉम्ब पडायच्या बेतात असल्याचं आवाजावरून कळलं की त्या इंजिन सैल करायच्या, स्फोट होऊन गेला की पुन्हा वाफ वाढवायच्या.

यातलं एकेक वाक्य इंजिनिअरच्या नजरेने पाहू.

वेग ९ वरून १२.५ म्हणजे १.३९ पट. जहाजाला लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १.३९ चा घन २.७. म्हणजे वेग ३९ टक्के वाढवायला ताकद पावणेतीनपट हवी. ९ नॉटला ७५० अश्वशक्ती लागत असेल तर १२.५ ला २,००० लागेल. (हे आकडे उदाहरणादाखल आहेत, ‘बोनिता’च्या इंजिनाचे नव्हेत.) प्रॉपेलरचे फेरेही त्याच प्रमाणात वाढतात, मिनिटाला ६० असतील तर ८३ च्या आसपास.

पावणेतीनपट ताकद म्हणजे जवळपास तेवढीच जास्त वाफ. ती येणार तेलाच्या बर्नरमधून. बॉयलर तेलावर चालत होते हे नक्की, कारण त्यांना पाहणाऱ्या अधिकाऱ्याने सांगितलं की त्यांचा चेहरा काळवंडला होता आणि वाहत्या तेलाने एक डोळा मिटला होता. कोळशाचे बॉयलर असते तर माणसं वर पाठवताच आली नसती. तेलाच्या बर्नरची अडचण अशी की दाब दुप्पट केला तर तेल दुप्पट जात नाही, १.४ पटच जातं. दुप्पट तेल हवं तर दाब चौपट करावा लागतो. म्हणून दाब वाढवण्याबरोबर बंद असलेले बर्नर पेटवावे लागतात, मोठ्या भोकाच्या टिप लावाव्या लागतात. जाड तेल ९० ते ११० अंशांना तापवलेलं नसेल तर ते नीट फवारत नाही, थेंब पडून भट्टीत काजळी धरते. आणि तेलाच्या प्रमाणात हवा द्यावी लागते. हवा कमी पडली की चिमणीतून काळा धूर, आणि आगीची उष्णता वाया. (भट्टीत दाबाने गरम हवा देण्याची त्या काळची सर्वांत प्रचलित पद्धत ग्लासगोच्या जेम्स हाउडन यांची. जगभरच्या जहाजांवर तिचा वापर झाला.)

पण आग वाढवून वाफ लगेच मिळत नाही. वेग दहाएक मिनिटांत चढला असं सांगितलं जातं. इतक्या लवकर चढला तो बॉयलरमध्ये साठलेल्या उष्णतेच्या जोरावर. त्या काळच्या मालवाहू जहाजांवर बहुधा स्कॉच बॉयलर (मोठे, पिंपाच्या आकाराचे) असत. त्यांत पाणी प्रचंड मावतं. समजा दोन बॉयलरमध्ये मिळून ६० टन पाणी १८० पौंड (दर चौरस इंचाला) दाबावर आहे आणि दाब १५० वर उतरू दिला, तर त्या पाण्यातून सुमारे एक टन वाफ आपोआप सुटते. २,००० अश्वशक्तीच्या इंजिनाला ताशी १३-१४ टन वाफ लागते. म्हणजे ती एक टन वाफ चारेक मिनिटांची उसनवारी झाली. तेवढ्या वेळात बर्नर वाढवून दाब सावरला नाही तर पुढे वेग पडतोच.

इथे नवशिका हमखास फसतो. थ्रॉटल एकदम उघडला की बॉयलरमधला दाब उतरतो, पाण्यात बुडबुडे फुगतात आणि गेज ग्लासमध्ये, म्हणजे पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत, पातळी वर चढलेली दिसते. पाणी जास्त झालं असं समजून तो फीड कमी करतो. प्रत्यक्षात पाणी भराभर कमी होत असतं. पाच मिनिटांनी फुगवटा बसतो, ग्लास रिकामी दिसते आणि भट्टीचं छत उघडं पडतं. ते लाल होऊन खाली दबलं की बॉयलर फुटू शकतो. उलट टोकाची चूक म्हणजे आधीच पाणी जास्त भरून ठेवणं. मग वाफेबरोबर पाणी इंजिनात जातं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरचं कव्हर उडतं किंवा पिस्टन रॉड वाकतो. बरोबर पद्धत म्हणजे थ्रॉटल टप्प्याटप्प्याने उघडायचा, सिलिंडरच्या ड्रेन कॉकवर हात ठेवायचा, आणि फीड ग्लासच्या पातळीवर न ठरवता वाढलेल्या वाफेच्या हिशोबाने वाढवायचं.

इंजिनाकडे दोन चाव्या असतात. एक थ्रॉटल. दुसरी रिव्हर्सिंग गिअर, जिच्यामुळे सिलिंडरमध्ये वाफ किती वेळ आत येऊ द्यायची ते ठरतं. किफायतीसाठी ती अर्ध्या स्ट्रोकच्या आसपास तोडतात. पूर्ण ताकद हवी तेव्हा ६०-७० टक्क्यांपर्यंत येऊ देतात. वाफ जास्त खर्च होते, पण प्रत्येक फेऱ्याला जोर मिळतो. मग कंडेन्सरवर ताण येतो. जास्त वाफ थंड करायला जास्त समुद्राचं पाणी लागतं, म्हणून सर्क्युलेटिंग पंपाचा वेग वाढवायचा, नाहीतर व्हॅक्यूम उतरतं आणि मिळवलेली ताकद तिथेच हरवते. राहिली बेअरिंगं. फेरे ४० टक्के वाढले की घर्षणाची उष्णताही वाढते, थ्रस्ट ब्लॉक (प्रॉपेलरचा रेटा झेलणारं बेअरिंग) आणि क्रँकची मोठी बेअरिंगं आधी तापतात. वंगणतेलाच्या कुप्या दर काही मिनिटांनी भराव्या लागतात. माणसं वर पाठवल्यावर हेही एकटीनेच.

माणसं पाठवण्याचा क्रम म्हणूनच महत्त्वाचा. आधी सगळे बर्नर, हवा आणि फीड नव्या भारावर बसवले, मग माणसं बाहेर काढली. स्थिर भारावर तेलाचे बॉयलर काही मिनिटं देखरेखीशिवाय चालू शकतात. बदलत्या भारावर नाही. हा निर्णय धाडसाचा होता तितकाच हिशोबाचा.

जवळ पडलेला बॉम्ब जहाजाला भोक न पाडताही इंजिनरूम निकामी करू शकतो. पाण्यातून आलेला धक्का तळाच्या पत्र्यांमार्फत थेट यंत्रांच्या पायात जातो. पोलाद वाकतं, बीड तडकतं. पंपांचे पाय, पाण्याच्या बिडाच्या नळ्या, व्हॉल्व्हच्या पेट्या, गेज ग्लास, कंडेन्सरच्या नळ्यांचे सांधे हे सगळं धोक्यात. भट्टीतल्या विटा ढासळतात. वाफेच्या नळीच्या जॉइंटवर आधीच दाबाचा आणि गरम होऊन लांबल्याचा ताण असतो, त्यात धक्क्याचा ताण मिळाला की बोल्ट ताणले जातात. सन्मानपत्रात त्या नळीला ‘मेन इंजेक्शन पाइप’ म्हटलंय. जहाजावर ती कंडेन्सरला समुद्राचं पाणी नेणारी नळी असते, तिच्यातून वाफ येत नाही. माझ्या मते ती इंजिनाकडे जाणारी वाफेची नळी असावी आणि कारकुनाच्या हातून नाव बदललं असावं. वाफेची नळी धरली तर त्यांनी केलेलं सगळं जुळतं. धक्का बसण्याआधी थ्रॉटल मिटला की त्याच्या पुढच्या नळीतला दाब झटकन उतरतो, आणि सैल जॉइंटवर धक्का येतो तेव्हा वाफेचा ताण त्यावर नसतो. स्फोट झाला की पुन्हा उघडायचं. फेरे इतक्या थोड्या वेळात पूर्ण थांबत नाहीत, कारण पाण्यातून पुढे सरकणारं हजारो टनांचं जहाज प्रॉपेलरला फिरवत ठेवतं. मात्र दरवेळी थ्रॉटल मिटला की बॉयलरचा दाब चढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सुटायच्या बेतात येतो, तेही सांभाळायचं.

वेगाचा उपयोग वर ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या जागी, झाला. बॉम्ब सुटल्यावर कॅप्टन सुकाणू वळवत होता. सुकाणूचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे १२.५ नॉटला तो जवळपास दुप्पट. ६०० मीटरवरून सोडलेला बॉम्ब खाली यायला ११ सेकंद लागतात. तेवढ्यात ९ नॉटचं जहाज ५१ मीटर सरकतं, १२.५ चं ७१ मीटर. जहाज वाचलं त्यात या वीस मीटरचा मोठा वाटा.

१९४१ मध्ये त्यांना एमबीई हा ब्रिटिश सरकारी किताब आणि लॉइड्स या विमा संस्थेचं शौर्यपदक मिळालं. नॉर्फोकच्या लोकांनी पैसे जमवून लंडनच्या लँबेथ भागात, जिथे त्या राहत, बॉम्बग्रस्तांसाठी त्यांच्या नावाने कँटीन उभं केलं. ब्रिटिश कंपन्यांचं धोरण मात्र झटकन बदललं नाही. युद्धानंतर त्यांनी जहाजबांधणीवर देखरेख केली आणि १९५० च्या दशकात मुख्यतः परदेशी निशाणाखालच्या जुन्या जहाजांवर चीफ म्हणून काम केलं. १९६२ मध्ये निवृत्ती, २५ डिसेंबर १९७८ रोजी निधन. चीफची ही वर्षं लोक घाईने उरकतात, पण इंजिनिअरच्या मोजमापाने ती सर्वांत कष्टाची. जुन्या जहाजात सुटे भाग मिळत नाहीत, कंडेन्सरच्या नळ्या गळून बॉयलरच्या पाण्यात मीठ शिरतं, मालक दुरुस्तीला पैसे देत नाही, आणि बंदरातला सर्वेअर मात्र नव्या जहाजाचेच नियम लावतो.

शेवटचा प्रश्न, आजच्या डिझेल जहाजाचा. मंदगती दोन-स्ट्रोक इंजिन हळू चालवत असाल तर ताकद शिल्लक असते, पण ती मिळवण्याची वाट वेगळी. बॉयलरसारखी साठलेली उष्णता इथे नाही. बंदरातल्या फुल स्पीडवरून समुद्रातल्या फुल स्पीडवर जायला गव्हर्नरचा (वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) लोड प्रोग्रॅम, म्हणजे भार टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा क्रम, अर्धा तास किंवा जास्त घेतो, कारण लाइनर (सिलिंडरचं अस्तर) आणि पिस्टन सावकाश तापायला हवेत. आणीबाणीत ब्रिजवरून हा प्रोग्रॅम रद्द करता येतो. चीफने तेव्हा काय पाहायचं? जॅकेटच्या पाण्याचं (सिलिंडरभोवतीच्या थंड करणाऱ्या पाण्याचं) तापमान आधीच कामाच्या पातळीला हवं. सिलिंडर ऑइलचा पुरवठा वाढवायचा, नाहीतर लाइनरला ओरखडे पडतात. ३०-४० टक्के भाराच्या आसपास टर्बोचार्जर (एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा हवेचा पंखा) पुरेशी हवा देऊ लागेपर्यंत ऑक्झिलरी ब्लोअर (विजेवरचे मदतनीस पंखे) चालू आहेत ना, ते बघायचं. स्कॅव्हेंज हवेची (सिलिंडरमध्ये ढकलल्या जाणाऱ्या हवेची) आणि टॉर्कची मर्यादा शक्यतो काढायची नाही. ती काढली तर हवेच्या मानाने तेल जास्त जातं, एक्झॉस्टचं तापमान उडी मारतं, व्हॉल्व्ह जळतात आणि स्कॅव्हेंज स्पेसमध्ये साठलेलं तेल पेटू शकतं. हळू चालवण्याच्या महिन्यांत ती जागा नियमित साफ केली नसेल, तर गरजेच्या वेळी इंजिन वेग देणार नाही, आग देईल.